मॉडेल २७: नळी ५ इंचीच घ्या

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २७ रिव्हॉल्व्हर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो नळीच्या लांबीचा, आणि माझं उत्तर ठाम आहे: ५ इंच. साडेतीन इंची देखणी दिसते, साडेसहा इंचीवर नेम पटकन बसतो, ८ ३/८ इंची टेबलावर टेकवून मारायला फार छान. पण उभं राहून, दोन्ही हातांनी धरून, मनसोक्त गोळ्या झाडायच्या असतील तर ५ इंचीच्या जवळ दुसरी कुठलीच येत नाही. मी ओहायोत एका टूलरूममध्ये तपासणीचं काम करते. मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर, फीलर गेज यांच्यातच दिवस जातो, त्यामुळे रिव्हॉल्व्हर हातात आलं तरी मी ते आधी मशीन म्हणून बघते. खाचा कशा कापल्यात, कडा कशा सोडल्यात, दोन भाग एकमेकांना कसे बसलेत. या नजरेने पाहिलं तर जुनं मॉडेल २७ म्हणजे मला रोज टेबलावर यावासा वाटणारा नग आहे.

नळीच्या लांबीवर एवढं बोलायचं कारण या रिव्हॉल्व्हरच्या जन्मातच आहे. १९३५ साली, मंदीच्या काळात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या या कंपनीने ३५७ मॅग्नम हे नवं काडतूस आणि त्याचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्यासाठी आधीच्या ३८ स्पेशलचं काडतूस साधारण एक अष्टमांश इंच लांब केलं, एवढ्यासाठी की हे जोरकस काडतूस जुन्या ३८ च्या सिलिंडरमध्ये चुकूनही शिरू नये. उलट ३८ स्पेशल मात्र ३५७ मध्ये बिनधास्त चालतं, आणि ही सोय आजही या रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण आहे. १५८ ग्रेन वजनाची गोळी पावणेनऊ इंची नळीतून सेकंदाला १,५१५ फूट वेगाने जाते असं तेव्हा जाहीर झालं होतं. त्या काळी हातात धरायच्या शस्त्रासाठी हा आकडा अचाट होता.

सुरुवातीला हे रिव्हॉल्व्हर ऑर्डरप्रमाणे बनवून देत. नळी साडेतीन ते पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव-पाव इंचाच्या फरकाने, शिवाय ८ ३/८ इंची, म्हणजे तब्बल २३ लांब्या. प्रत्येक नगाला नोंदणी क्रमांक आणि सोबत प्रमाणपत्र, म्हणून त्याला रजिस्टर्ड मॅग्नम म्हणत. किंमत ६० डॉलर, १९३५ च्या मानाने भरभक्कम. पहिला नग एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना दिला गेला. दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनानी जनरल पॅटन यांचं हस्तिदंती मुठीचं मॅग्नम साडेतीन इंची नळीचं होतं, आणि साडेतीन इंचीचा आज जो रुबाब आहे त्यात त्या मुठीचा वाटा मोठा आहे. नोंदणीची पद्धत १९३९ मध्ये संपली. युद्धानंतर उत्पादन पुन्हा सुरू झालं तेव्हा लांब्या ठरावीक झाल्या: साडेतीन, ५, ६, साडेसहा आणि ८ ३/८ इंच. १९५७ मध्ये कंपनीने सगळ्याच रिव्हॉल्व्हरना क्रमांक दिले आणि हे मॉडेल २७ झालं. पुढे साडेतीन आणि ५ इंची मागे पडल्या, ४ इंची आली, आणि १९९४ मध्ये ही मूळ मालिका थांबली.

माझ्याकडचा नग १९६० च्या दशकातला २७-२, म्हणजे मॉडेल २७ ची सुधारित आवृत्ती, आहे. सिलिंडर बाहेर काढलं की ज्या खाचेत त्याचा दांडा बसतो तिथे मॉडेल क्रमांक ठोकलेला दिसतो. मुठीच्या तळाशी अनुक्रमांक आहे आणि त्याच्या आधी एस हे अक्षर. या मोठ्या फ्रेमवर १९६९ च्या सुमारास एस जाऊन एन आलं, त्यामुळे जुना नग ओळखायला हे अक्षर पुष्कळ उपयोगी पडतं.

आता वरची पट्टी. फ्रेमच्या माथ्यावर आणि नळीच्या वरच्या कण्यावर, मागच्या साइटपासून पुढच्या माशीपर्यंत (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा), बारीक चौकटी कोरलेल्या आहेत. काम त्यांचं एवढंच की नेम धरताना उजेड डोळ्यावर चमकू नये. मी दहापट भिंगाखाली पाहिलं. प्रत्येक चौकट म्हणजे चार उतारांचा छोटा मनोरा, टोकं अजून धारदार, आणि फ्रेम संपून नळी सुरू होते त्या फटीवरून नक्षीच्या ओळी न तुटता पुढे जातात. नळी आट्यांवर फिरवून बसवतात. ती पूर्ण घट्ट होऊन थांबली त्याच क्षणी तिच्या माथ्यावरच्या ओळी फ्रेमच्या ओळींसमोर यायला हव्यात. हे ज्याने साधलं त्याच्या हाताला मी मनापासून दाद देते. आमच्याकडे असं काही जुळवायचं म्हटलं तर तीन जण ड्रॉइंगवर वाद घालतील.

उजव्या अंगाला झाकणपट्टी आहे, जिच्याखाली सगळी यंत्रणा असते. तिची फट शोधायला मला पट्टी उजेडात तिरपी धरावी लागते. पॉलिश आधी इतकं केलंय की ब्लूइंगनंतर, म्हणजे पोलादावर निळसर थर चढवल्यावर, पृष्ठभाग खोल, गर्द निळा-काळा दिसतो, पण कडा गोल झालेल्या नाहीत. पॉलिश करणारा घाईत असेल तर स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. इथे त्या सपाट आहेत. घोडा आणि चाप यांच्यावर केस हार्डनिंगचे (धातूचा वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेचे) तपकिरी-निळे ढग आहेत, तेवढाच रंग.

आणखी दोन गोष्टी जुन्या नगात बघायच्या. एक, नळीच्या मुळाशी फ्रेममधून आडवी गेलेली बारीक पिन. दुसरी, सिलिंडरच्या प्रत्येक घरात कापलेली कडेची खाच, जिच्यात काडतुसाची कड पूर्ण बुडते. या दोन्ही १९८२ च्या सुमारास बंद झाल्या. आजच्या काडतुसांना त्यांची गरज नाही आणि त्या नसल्याने रिव्हॉल्व्हर कमकुवत होत नाही. तरी सिलिंडर भरल्यावर मागून सहाही काडतुसं धातूच्या पातळीत सपाट बसलेली पाहणं मला आवडतं, आणि एवढ्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले.

क्लबमधल्या एका निवृत्त टूलमेकर काकांकडे या मालिकेतल्या जवळपास सगळ्या लांब्या आहेत, आणि त्यांच्या मोठ्या मनामुळे मला त्या सगळ्या चालवून बघता आल्या.

साडेतीन इंचीत मॅग्नम काडतूस झाडलं की आवाज आणि ज्वाळा दोन्ही अंगावर येतात. धक्का तसा फार नाही, कारण फ्रेम जड आहे, पण नळी वर उचलली जाते आणि पुन्हा खाली आणून नेम बसवायला वेळ लागतो. पुढची माशी डोळ्याच्या जवळ असल्याने हाताचा बारीकसा थरकापही २५ यार्डांवर मोठा होऊन दिसतो. बंद कोटाखाली बाळगायला ती बनली होती आणि त्या कामाला चोख असेल. मला ते काम नाही.

८ ३/८ इंची उलट टोकाची. टेकवून मारताना तिच्यासारखी कुणी नाही, दोन्ही साइट्समधलं अंतर भरपूर असल्याने चूक लगेच दिसते आणि गोळी नळीत जास्त वेळ वेग घेत राहते. पण उभं राहून मारायला लागलं की काही वेळातच नळीचं टोक जड होतं, मनगट थकतं आणि माशी लंबकासारखी हलू लागते. साडेसहा इंचीत हा त्रास कमी आहे, आणि ज्यांना फक्त घोडा मागे ओढून सावकाश लक्ष्यभेद करायचाय त्यांनी ती डोळे मिटून घ्यावी. तशा माणसाशी मी ५ इंचीसाठी भांडणार नाही. ६ इंची मला साडेसहापेक्षा फारशी वेगळी वाटली नाही.

४ इंचीबद्दल अनेक जण आग्रहाने बोलतात. माझं म्हणणं असं की ४ इंची नळी या फ्रेमला अपुरी आहे. या मोठ्या एन फ्रेमचं सगळं वजन सिलिंडरभोवती गोळा झालंय. पुढे ४ इंच नळी असली की तोल मागे, तळहाताकडे सरकतो आणि चाप ओढताना टोक डावी-उजवीकडे भटकतं. ५ इंचीत तोच तोल चापाच्या कड्याच्या जरासा पुढे येतो. नळी निमुळती आहे, खाली पूर्ण लांबीचं लोखंड नाही, त्यामुळे तो एक जास्तीचा इंच ओझं न होता नेमक्या ठिकाणी वजन ठेवतो. रिव्हॉल्व्हर वर उचललं की माशी आपसूक खाचेत येऊन थांबते. घोडा न ओढता, नुसत्या चापाने सहा गोळ्या एका लयीत मारून बघा. सिलिंडर फिरताना प्रत्येक वेळी बसणारा झटका या वजनात विरून जातो आणि माशी लक्ष्यावरून हलत नाही. मॅग्नमच्या धक्क्यानंतर ती जिथून उठली तिथेच परत उतरते. ही गोष्ट मला दुसऱ्या कुठल्या लांबीत मिळाली नाही, आणि माझ्या निवडीचा सगळा भार हिच्यावरच आहे.

वजन साधारण १.२ किलो. ज्यांना हे जड वाटतं त्यांच्यासाठी याच कंपनीचं मॉडेल १९ आहे, १९५५ चं, मधल्या के फ्रेमवरचं. बॉर्डर पेट्रोलचे बिल जॉर्डन यांच्या सल्ल्याने ते घडलं आणि कमरेला दिवसभर वागवायला ते खरंच उत्तम आहे. पण त्याच्या नळीच्या मागच्या तोंडाचा खालचा भाग, दांड्याला जागा मिळावी म्हणून, सपाट कापलेला असतो. तिथे धातू पातळ. हलक्या १२५ ग्रेनच्या गोळ्यांची कडक मॅग्नम काडतुसं सतत वापरली की नेमकं तिथेच तडा जाण्याची उदाहरणं आहेत. १९८० मध्ये के पेक्षा थोडी मोठी एल फ्रेम आली त्यामागे हेही कारण होतं. मॉडेल २७ च्या नळीला ही काळजी नाही.

पैसे वाचवायचे असतील तर मॉडेल २८, हायवे पेट्रोलमन. १९५४ ते १९८६ या काळात बनलं. फ्रेम तीच, सिलिंडर तेच, आतली यंत्रणा तीच. माथ्यावरची चौकटींची नक्षी आणि आरशासारखं पॉलिश एवढं वगळलेलं. कामाला २७ पेक्षा ते तसूभरही कमी नाही आणि पोलिसांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. मात्र ते ४ आणि ६ इंचीतच मिळतं, माझी लांबी त्यात नाही.

कोल्ट पायथनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय कुणी सोडू देत नाही. पायथनही १९५५ चंच, आणि त्याचं ब्लूइंग २७ पेक्षा सरस आहे हे मी मान्य करते. चाप ओढताना जुन्या पायथनमध्ये शेवटाकडे जोर वाढत जातो. स्मिथचा चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा येतो, आणि माझ्या बोटाला तो आवडतो. शिवाय जुन्या पायथनचं टायमिंग, म्हणजे सिलिंडर नेमक्या क्षणी जागेवर थांबणं, बिघडलं तर दुरुस्त करू शकणारे हात आता थोडे उरलेत.

२७ मध्येही मला खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पहिली, मूठ मोठी आणि चाप लांब. माझं बोट जेमतेम पोचतं. मूळ बारीक मॅग्ना मुठीत चापाच्या कड्यामागे मोकळी जागा राहते आणि मॅग्नम झाडताना कडं मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटतं. त्या पोकळीत बसणारा छोटा अ‍ॅडॅप्टर लावला आणि ते थांबलं. मोठी लाकडी टार्गेट मूठ दिसायला भारदस्त असली तरी लहान हाताला ती अजिबात घेऊ नका. दुसरी, काही नगांवर रुंद, उभ्या खाचांचा टार्गेट चाप असतो. घोडा ओढून मारायला तो छान, पण नुसत्या चापाने मारताना बोट त्यावरून सरकायला हवं आणि त्या खाचा कातडी धरून ठेवतात. अरुंद, गुळगुळीत चाप असलेला नग मिळाला तर तोच घ्या. तिसरी, सिलिंडर जड आहे, त्यामुळे चाप फार वेगाने ओढत राहिलं की थांबायच्या खाचांवर दर वेळी घाव बसतो. जुना नग तपासताना त्या खाचांच्या कडा म्हणूनच बघायच्या.

तपासणी माझ्या धंद्याचीच, तेव्हा जरा सविस्तर सांगते. दुकानदाराला विचारल्याशिवाय चाप ओढायचा नाही आणि सिलिंडर झटका देऊन बंद करायचं नाही, त्याने दांडा वाकतो. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानेही बघा. मग परवानगी घेऊन प्रत्येक घरावर घोडा अगदी सावकाश मागे ओढा, दुसऱ्या हाताचं एक बोट सिलिंडरला हलकंसं टेकवून. घोडा पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर जागेवर टक् करून थांबलं पाहिजे. एखाद्या घरावर घोडा अडकला आणि सिलिंडर अजून थोडं फिरायचं बाकी असेल, तर टायमिंग मागे पडलंय. घोडा ओढलेल्या अवस्थेत अंगठ्याने मागून बेताने दाबा, तो सुटून पुढे पडला तर तो नग ठेवून द्या.

मग फीलर गेज. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजायची. ०.००६ इंचाच्या आसपास असेल तर उत्तम, ०.०१० च्या पुढे गेली असेल तर भाव पाडा किंवा सोडा. माझ्या नगात ०.००५ ची पट्टी सहज जाते, ०.००६ ची घासत जाते आणि ०.००७ ची जात नाही. सिलिंडर मागे-पुढे ढकलून किती हलतं तेही बघा. नळीच्या मागच्या तोंडात बॅटरी मारून तडे आणि झीज बघा. स्क्रूच्या खाचा चेपलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत शिरलंय, आणि झाकणपट्टीच्या कडेवर उचकटल्याची खूण असेल तर नक्कीच. ती पट्टी स्क्रू काढून, फ्रेमवर लाकडी दांड्याने हळू ठोकत सैल करायची असते. सिलिंडरभोवती फिरून आलेली बारीक रेघ मात्र दोष समजू नका, ती वापराची खूण आहे आणि मोल थोडं खाली आणायला मदत करते. मी १,३५० डॉलर दिले, त्या रेघेसकट.

कागदपत्रांचं थोडक्यात. दुकानातून घेताना फॉर्म ४४७३ भरायचा आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून हातबंदूक घेतली तर ती आपल्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच ताब्यात मिळते. त्यापुढचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. आपल्या लोकांना एक सांगायला हवं: ग्रीन कार्ड असेल तर केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही, पण एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि अपवाद मोजकेच. कुणी मित्र म्हणाला तुझ्यासाठी मी घेतो, तर तो स्वतः गुन्हा करतोय.

नव्याने निघालेलं मॉडेल २७ क्लासिकही मी चालवलंय. पोलाद आणि नेम याबाबत तक्रार नाही. पण डाव्या बाजूला कुलपाचं भोक आहे, नळी ४ किंवा साडेसहा इंची, आणि माथ्यावरची नक्षी त्या जुन्या हाताची वाटत नाही. हमीसकट कोरं करकरीत हवं असेल त्यांच्यासाठी ते ठीक आहे.

मी बहुतेक वेळा ३८ स्पेशलचं १४८ ग्रेनचं वॅडकटर (सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस) वापरते. कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखं गोल भोक पडतं आणि टेकवून मारलं तर २५ यार्डांवर सहा गोळ्या अडीच इंचांत बसतात. फक्त ३८ चं काडतूस आखूड असल्याने प्रत्येक घरात त्याच्या तोंडापुढे काजळीचं कडं साचतं. ते तसंच ठेवून मॅग्नम भरलं तर काडतुसं पूर्ण आत जात नाहीत आणि झाडल्यावर निघायला अडतात. म्हणून ३८ चा दिवस संपला की घरी आल्याबरोबर पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून सहाही घरं घासायची, त्या कड्याच्या जागी ब्रश गोल फिरवत, आणि मग मॅग्नमचं एक रिकामं कवच प्रत्येक घरात सोडून बघायचं. स्वतःच्या वजनाने ते टोकापर्यंत गेलं की सिलिंडर स्वच्छ.